परक्या देवळात हात कुठे ठेवावेत?

माणसाला दोन हात दिले आहेत ते काम करण्यासाठी, असं शाळेत शिकवतात. पण काम नसताना ते कुठे ठेवायचे, हे कुठल्याच शाळेत शिकवीत नाहीत. फोटो काढून घेताना हा प्रश्न पडतो, मुलगी पाहायला गेल्यावर पडतो, शोकसभेत तर फारच पडतो. पण या प्रश्नाचं सगळ्यांत बिकट रूप पाहायचं असेल, तर परक्या देवळात जावं. आपल्या देवळात हातांना काही सांगावं लागत नाही. उजवा हात घंटेकडे जातो, मग दोन्ही आपोआप जुळतात, पुन्हा उजवा तीर्थासाठी पुढे होतो. चपलांची काळजी करायला मन मोकळंच असतं. परक्या देवळात मात्र हे दोन हात नुसते लोंबत राहतात. खिशात घातले तर उर्मटपणा दिसतो. पाठीमागे बांधले तर आपण तपासणीला आलेले साहेब वाटतो. मोबाईलमध्ये गुंतवले तर ते हात देवळात आले काय आणि प्रदर्शनात गेले काय, सारखंच. आणि जोडले तर? इथे खरी पंचाईत सुरू होते. जो देव आपण मानत नाही, ज्याचं नावही आपल्याला नीट उच्चारता येत नाही, त्याच्यापुढे हात जोडणं याला सौजन्य म्हणावं की ढोंग?

हा प्रश्न काही मी शोधून काढलेला नाही. तो फार जुना आहे. मला तो गाठ पडला जपानात, जून महिन्यात, पाठीवर नऊ किलोंचं ओझं असताना. ओझ्याची कल्पना आमच्या पुतणीची. "काका, सुटकेस ओढत हिंडतात ते टूरवाले. आपण पाठीवर सॅक टाकायची आणि सुटायचं!" साठी उलटल्यावर माणसाची पाठ ही सॅक टाकण्याची जागा नसून शेकण्याची जागा असते, हे विशीतल्या मुलीला कोण सांगणार? सौ.ला मात्र सॅक एकदम पसंत पडली. तिनं तिच्यात थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि चकल्यांचे दोन डबे भरले आणि उरलेल्या जागेत कपडे कोंबले. असे आम्ही तिघं तोक्योहून इसे आणि इसेहून क्योटो असे पंधरा दिवस भटकलो. जूनमध्ये तिकडेही पावसाळा असतो. त्याला ते 'त्सुयु' म्हणतात. आपल्या पावसासारखा तो दार ढकलून घरात शिरत नाही. शेजारच्या काकूंसारखा उंबऱ्यावर उभा राहून तासन्‌तास पिरपिरतो.

नमस्काराच्या बाबतीत आमच्या या तुकडीत तीन पक्ष होते. सौ. ही उदारमतवादी. जपानात रस्त्याच्या कडेला जिझो नावाच्या देवाच्या छोट्या दगडी मूर्ती असतात आणि लोक त्यांच्या गळ्यात लाल लाळेरं बांधतात. लहान मुलांची काळजी घेणारा देव तो. ते लाळेरं पाहिल्यावर सौ.ला दुसरं काही विचारायची गरजच उरली नाही. दिसेल त्या जिझोपुढे ती थांबायची, हात जोडायची आणि मग "चला" म्हणायची. "देव एकच हो, नावं वेगळी," हे तिचं तत्त्वज्ञान. पुतणीचं तत्त्वज्ञान याच्या नेमकं उलट. घरच्या गणपतीत ती झांजा मन लावून वाजवते, मोदक त्याहून मन लावून खाते, पण हात जोडत नाही. "मनात नसताना हात जोडणं म्हणजे खोटं बोलणंच की! फक्त तोंडाऐवजी हातांनी." आणि मी? मी अपक्ष. अपक्षाचं असं असतं की दोन्ही बाजू त्याला आपला समजतात आणि ऐन वेळी दोघीही त्याच्यावर रागावतात.

पहिली चकमक झाली तोक्योतल्या असाकुसा भागात. तिथलं सेन्सो-जी हे कान्नोनचं, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचं मंदिर. इ. स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात ही मूर्ती सापडली, अशी कथा आहे. सौ. दर्शनासाठी गर्दीतून वाट काढीत पुढे गेली आणि तितक्याच वेगानं परत आली. "अहो, मूर्ती कुठाय?" मूर्ती होती, पण ती कुणालाच दाखवीत नाहीत. अशा मूर्तींना तिकडे 'गुप्त बुद्ध' अशा अर्थाचा एक शब्दच आहे. तेवढ्यात पुतणीनं पुस्तकात वाचून काढलं की जवळच एक गणपतीही आहे. मग काय विचारता! मात्सुचियामाच्या टेकाडावरच्या त्या मंदिरात आम्ही जवळजवळ पळतच गेलो. आपला गणपती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेला आणि तिथे कांगितेन झाला. आणि त्याला काय वाहतात म्हणाल, तर मुळा! पांढरा, हातभर लांब, अख्खा मुळा. लोक रांगेनं उभे, प्रत्येकाच्या हातात मुळा. भाजी मंडईत चुकून भक्तीची लाट आली असावी, असं ते दृश्य होतं. मूर्ती मात्र इथेही गुप्तच. दोन हत्तीमुखी आकृती एकमेकींना मिठी मारून उभ्या, असं या देवाचं रूप बहुधा असतं, म्हणून ती झाकून ठेवतात, असं पुतणीनं सांगितलं. सौ. म्हणाली, "असू दे हो. संसारी देव आहे." आणि देवाला वाहिलेल्या मुळ्यांपैकी एक प्रसाद म्हणून मिळाला, तो तिनं माझ्या सॅकमध्ये उभा खोचला. त्या दिवशी तोक्योच्या आगगाडीत माझ्या डोक्यामागून एक मुळा डोकावत होता आणि सगळा डबा जपानी सौजन्यानं खिडकीबाहेर बघत होता.

तिथे माझ्या डोक्यात जे आलं ते असं: हे लोक न बघता नमस्कार करतात आणि आम्ही प्रवासी नमस्कार न करता बघतो. आपल्याकडे तर बघणं हीच पूजा. आपण देवाला 'भेटायला' जात नाही, 'दर्शनाला' जातो. पंढरपूरला माणूस तासन्‌तास रांगेत उभा राहतो तो काही क्षणांच्या बघण्यासाठी, आणि आत जाणं जमलं नाही तर कळस बघून तेवढ्यावर समाधान मानतो. मग आम्ही जपानभर जे बघत सुटलो होतो, ते दर्शन की नुसतं बघणं? डोळे तेच, मूर्ती तीच (असली तर), अंतरही तेच. फरक कुठे असेल तर तो हातांतच असणार.

पुतणीला हे पटलं नाही. तिनं त्याआधी सेन्सो-जीत शंभर येन टाकून भविष्याची चिठ्ठी काढली होती. डबा हलवायचा, काडी बाहेर पडते, तिच्यावरच्या क्रमांकाचा खण उघडायचा आणि चिठ्ठी घ्यायची. तिला निघालं अशुभ भविष्य. अशी चिठ्ठी तिथल्याच एका चौकटीला बांधून टाकायची पद्धत आहे. तिनं ती नीट घडी घालून बांधली. मी काही बोललो नाही. नुसतं बघितलं. "तसं काही नाही काका," ती म्हणाली, "या देशात कचऱ्याच्या पेट्याच नाहीत!" हे अगदीच खोटं नव्हतं. १९९५ साली तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून तिकडे रस्त्यांवरच्या पेट्या फार कमी झाल्या आहेत. पण गाठ मात्र तिनं फार निगुतीनं मारली होती.

इसेच्या गाडीत वाद रंगला. मी तिला जुन्या पत्रांतलं 'सा. न. वि. वि.' सांगितलं. म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. आमच्या पिढीनं हे चार ठिपके घालून हजारो पत्रं लिहिली. घरमालकाला लिहायचं, "सा. न. वि. वि. तीन पावसाळे झाले तरी आपण छप्पर दुरुस्त केलेलं नाही." आठ अंगांपैकी एकही अंग त्या इसमापुढे टेकायची आमची इच्छा नव्हती. असलीच तर त्यातलं एखादं त्याच्यावर उगारायची होती. मग ती सगळी पत्रं खोटी होती का? ती म्हणाली, "नाही. कारण त्याचा अर्थ काय, हे घरमालकालाही ठाऊक होतं आणि तुम्हालाही. देवाला कुठे ठाऊक असतं?" आता देवालाच सगळं ठाऊक असतं, असं म्हणतात! तो असेल, तर माझ्या मनात काय आहे ते त्याला दिसतंच आहे. आणि नसेल, तर फसवणूक व्हायला तिथे कुणी नाहीच. वकिली मुद्दा म्हणून मला तो फार आवडला. पण पुतणी एल.एल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं विचारलं, "आणि मुळा घेऊन शेजारी उभ्या असलेल्या त्या आजी? त्यांना वाटलं ना, तुम्ही त्यांच्यातले म्हणून?"

प्रश्न बिनतोड होता. पण त्या आजींनाही 'त्यांच्यातला' म्हणजे नेमका कोण, हे सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. जपानात शिंतो देवस्थान वेगळं, बौद्ध मंदिर वेगळं. ही वाटणी १८६८ साली सरकारी हुकमानं झाली; त्याआधी दोन्ही देव कित्येक शतकं एकाच आवारात गुण्यागोविंदानं नांदत होते. आजही तोच माणूस नव्या वर्षाला शिंतो देवस्थानात जातो आणि मेल्यावर बौद्ध पद्धतीनं जातो. आणि मधल्या काळात धर्म विचारला तर पुष्कळ जण सांगतात, "मला धर्म नाही." असं सांगणारा माणूसही देवस्थानापुढे आला की आधी हात धुतो, चूळ भरतो, पेटीत नाणं टाकतो, दोनदा वाकतो, दोनदा टाळी वाजवतो आणि पुन्हा एकदा वाकतो. तिथे नाणं टाकायचं तर पाच येनचं उत्तम, कारण पाच येन म्हणजे 'गोएन', आणि 'गोएन' या उच्चाराचा दुसरा अर्थ आपला ऋणानुबंध. हे कळल्यापासून सौ. दुकानादुकानांत सुटे मागत होती. थोडक्यात, तिथे वाकणं ही 'मी अमुक मानतो' अशी जबानी नसते. ती उंबऱ्यावरची रीत असते. खेड्यात पाहुणा आला की पायांवर पाणी घेतो, तशी.

इसेला हे आणखी स्पष्ट झालं. तिथलं महामंदिर दर वीस वर्षांनी नवं बांधतात. शेजारीशेजारी दोन जागा. एकीवर देऊळ उभं असतं, दुसरी मोकळी. मुदत भरत आली की मोकळ्या जागेवर त्याच मापाचं, त्याच हिनोकी लाकडाचं देऊळ उभं राहतं, देव त्यात राहायला जातो आणि जुनं उतरवतात. इ. स. ६९० पासूनची ही चाल. मध्ये लढायांच्या धामधुमीत शंभरावर वर्षं ती बंद पडली होती, पण पुन्हा सुरू झाली. बासष्टावी वेळ २०१३ साली झाली, आता पुढची २०३३ साली. पुण्यामुंबईच्या माणसाला हा पुनर्विकास कळायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो तारीख ठरलेली आहे यावर विश्वास बसायला! आणि इतकं चालून गेल्यावर दिसतं काय? कुंपणांमागे गवताची शाकारणी आणि दारावर पांढरा पडदा. पायऱ्यांच्या वर फोटोही काढायचा नाही. मग ते देऊळ जुनं की नवं? लाकूड वीस वर्षांपेक्षा जुनं कधीच नसतं. जुनं जे आहे ते सुतारांच्या हातांत आहे. ज्यानं एका वेळेला उमेदवारी केली, तो पुढच्या वेळेला दुसऱ्याला शिकवतो. सुताराच्या मनात श्रद्धा किती हे कुणी मोजत नसेल, पण सांधा मात्र बसायलाच हवा. तेराशे वर्षं ते देऊळ हातांनी टिकवलं आहे. तेव्हा 'नुसते हात' असं हातांना हिणवून चालणार नाही.

इथे मी जिंकलो, असं मला वाटलं, तोच पुतणीनं हुकमाचं पान टाकलं. तिनं तोक्योच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात जपून ठेवलेल्या काही पाट्यांबद्दल सांगितलं. सतराव्या शतकात जपानात ख्रिस्ती धर्माला बंदी होती. नागासाकीकडे लोकांना येशूची किंवा मेरीची प्रतिमा असलेल्या पाटीवर पाय द्यायला लावीत. त्या पाटीला 'फुमि-ए' म्हणतात. दिला तर सुटलात, नाही दिला तर छळ, प्रसंगी मरण. "आता तुमच्या हिशेबानं काका, त्यांनी पाय द्यायला काय हरकत होती? नुसता पाय! मनात येशू ठेवायचा. येशूला सगळं ठाऊकच आहे." आणि लगेच दुसरं पान: १८९१ साली तोक्योच्या एका सरकारी विद्यालयात बादशहाच्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे सगळे वाकले. उचिमुरा कान्झो नावाचा एक ख्रिस्ती शिक्षक पुरेसा वाकला नाही. एवढ्यावरून त्याची नोकरी गेली.

यावर मी बराच वेळ खिडकीबाहेरची भातखाचरं बघत बसलो. कारण हे खरं आहे. हातांना आणि पायांना अर्थ असतो, असं मीच म्हणत होतो, आणि अर्थ असतो म्हणूनच त्या माणसांनी पाय दिला नाही. खूण पोकळ असती तर कोतवालानं ती मागितलीच नसती. पण मग एक गोष्ट लक्षात आली. कोतवालाला येशूशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला माणसाचं मोडणं हवं होतं. मागून घेतलेल्या नमस्कारात आणि मागून घेतलेल्या लाथेत फरक नाही. दोन्ही मागणाऱ्याच्या खात्यावर जमा होतात, देवाच्या नव्हे. कुणी दंडाला धरून "वाक!" म्हणाला तर तिथे ताठ उभं राहणं हाच त्या हातांचा धर्म. पण सेन्सो-जीत मला कुणी वाक म्हटलं नव्हतं. तिथे मला कुणी काहीच म्हटलं नव्हतं. दार उघडं होतं आणि मी, ओल्या बुटांचा, मुळेवाला, परका माणूस, आत गेलो होतो.

हे आत जाणं ही फार साधी गोष्ट वाटते आपल्याला. ती साधी नाही, हे मराठी माणसाला तरी सांगायला नको. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाबाहेर आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो आपल्याच देशातल्या, आपल्याच देवळाच्या दारात. १९४७ साली विठ्ठलाचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. त्या सत्याग्रहींतल्या प्रत्येकाला रामाच्या मूर्तीची ओढ होती असं नाही. बरोबरीच्या माणसासारखं त्या दारातून जाता यावं, ही मागणी होती. अशा देशातून गेलेल्या मला हजारो मैलांवरच्या देवळात जात न विचारता, श्रद्धा न विचारता, नावसुद्धा न विचारता आत घेतात. तेव्हा 'मी मानतो की नाही' हा प्रश्नच मला जरा अप्पलपोटा वाटू लागला. त्यात सगळं 'मी'च आहे. 'मला आत कुणी घेतलं', हाही एक प्रश्न आहे की!

क्योटोत याची दुसरी बाजू दिसली. तिथल्या गिओन भागाचं नाव बुद्धाच्या जेतवन विहारावरून आलेलं. तिथे नटूनथटून कामावर निघालेल्या मुलींच्या मागे प्रवासी कॅमेरे घेऊन इतके लागले की शेवटी २०२४ साली खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना मनाई करावी लागली. त्या प्रवाशांची श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्या हातांना रीत नव्हती, इतकंच. दार उघडं ठेवणाऱ्याला ते बंद करावंसं वाटलं.

तेव्हा माझा हिशेब आता असा आहे. परक्या देवळात मी हात जोडतो. ते जोडले म्हणजे मी त्या देवाचा झालो, असं नाही. शेजारच्या आजींना मी त्यांच्यातला वाटलो, तर त्या देवळात उभा असेपर्यंत मी त्यांचा पाहुणा असतोच. तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. ज्यांनी हे बांधलं, जपलं, आणि मला आत येऊ दिलं, त्यांना तो नमस्कार. देव मध्ये उभा असेल तर तो त्याच्यामार्फत जातो. नसेल तर थेट. आणि उद्या कुणी तो नमस्कार माझ्याकडून वसूल करू लागला, तर त्या दिवशी मी पुतणीच्या पक्षात.

पुतणीनं शेवटपर्यंत हात जोडले नाहीत. पण प्रत्येक दारात ती टोपी काढायची, ओली छत्री बाहेर ठेवायची, पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायची, म्हणजे मागच्या कुणाला धक्का लागू नये. आणि कुणी प्रार्थना करीत असेल तर त्याचं होईपर्यंत पुढे सरकायची नाही. मी तिला एकदा म्हटलं, "अगं, हा नमस्कारच झाला." तर म्हणाली, "मुळीच नाही. ही नुसती माणुसकी आहे."

सौ. क्योटोच्या एका जुन्या मिठाईच्या दुकानात होती. कांगितेनला दाखवायचा पदार्थ तिथे मिळतो. वर पाकळ्या काढलेली पुरचुंडी, आत लाल कडधान्याचं गोड, सुगंधी द्रव्यं घातलेलं पुरण, आणि तिळाच्या तेलात तळलेला. तिनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, वास घेतला आणि आम्हा दोघांकडे वळून निकाल दिला, "मोदकच आहे. वाद घालू नका, गरम आहे तोवर खा." तो गरम नव्हता; पण त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुतणीनं दोन्ही हात पुढे केले.